‘शेजारी’ची खूण

भाचीनं संगणकाला पुन्हा तीच आज्ञा दिली आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: डेटाबेसचं पॅकेज अर्धवट बसलेलं आहे, पुढं जाता येत नाही.

“कळलं का, घोडं कुठं पेंड खातंय?” आत्यानं दारातूनच विचारलं.

“कळेल. तू बस ना जरा.”

आत्या बसली नाही. मूकबधिरांच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला होता. शाळेच्या जुन्या वसतिगृहात मुलं आपापसांत ज्या खुणांनी बोलायची, त्या खुणांचा कोश करायचा. नव्या खुणा आल्या तशा त्या मागं पडल्या होत्या. त्या पूर्णपणे येणारं एकच माणूस आता उरलं होतं, त्याच वसतिगृहात वाढलेले, गल्लीच्या टोकाचे शिंपीकाका. दर गुरुवारी ते कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि त्यांची एकेक खूण या लिनक्सच्या संगणकावरच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसायची.

डेटाबेस भाचीनंच बसवून दिला होता. तिचा पोटापाण्याचा धंदाच तो. उन्हाळ्यात एका अपडेटनंतर तो बंद पडला, तेव्हा मीटिंगला जाता जाता ती फोनवर म्हणाली होती, “कशाला हात लावू नकोस. मी येऊन बघते.” मग आज-उद्या करता करता हिवाळा उजाडला.

“मधल्या काळात फोनच्या कॅमेऱ्यानं तरी खुणा टिपून ठेवायच्या होत्यास, आत्या.”

“तूच म्हणालीस ना, हात लावू नकोस. मला त्यातलं काय कळतंय? म्हटलं, उगाच आगीतून फुफाट्यात नको.”

ती पडद्याकडं वळली. एरर वरपासून पुन्हा वाचू लागली. डेटाबेस दोन ठिकाणांहून येऊ पाहत होता: एक लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं भांडार, दुसरं तिनंच कधीतरी जोडलेलं. दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या, आणि एकीला चालायला जी जोड-फाइल, जी लायब्ररी हवी ती दुसरीला चालत नव्हती.

“दोन घरचा पाहुणा उपाशी,” ती पुटपुटली.

दुसरं भांडार जोडणारी आपलीच जुनी ओळ तिनं खोडली, भांडारांची माहिती ताजी केली आणि अडकलेलं पॅकेज पुरं बसवून घेतलं. डेटाबेस सुरू झाला. जुन्या खुणा एकेक करून पडद्यावर आल्या. आत्यानं आणून ठेवलेला चहा अजून गरम होता.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच होतं?”

आत्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाचीनं कप उचलला आणि न पिताच दोन्ही हातांत धरून ठेवला.

शिंपीकाका आले, तेव्हा त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. बसताना डाव्या हातानं तो उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

“गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला,” आत्या हळूच म्हणाली. “तुला कशाला सांगायचं, तू कामात.”

काकांनी डाव्या हातानं काहीतरी सांगितलं आणि स्वतःच हसले.

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, यंत्र बरं झालं, आता माझा नंबर.”

तिनं कॅमेरा सुरू केला. आत्यानं शब्द दाखवला: शेजारी. काकांनी डावा तळवा भिंतीसारखा उभा धरला. भिंतीपलीकडून दुसरा हात यायला हवा होता. तो मांडीवरच राहिला. त्यांनी खाली पाहिलं, मग भाचीकडं पाहिलं आणि मानेनं जवळ बोलावलं.

ती शेजारी खुर्ची घेऊन बसली. काकांनी तिचा उजवा हात धरला, दोन बोटं मुडपली, मनगट वळवलं, पुन्हा उलटं वळवलं. भुवयांनी काही सुचवलं. तिला ते कळलं नाही. शेवटी तिची बोटं त्यांच्या तळव्यावरून कशीबशी डोकावली.

“आत्या, विचार ना. अशीच होती का?”

आत्यानं विचारलं. दुसऱ्यानं घातलेली शिवण पाहावी तसं काका तिच्या हाताकडं बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि तिच्या मनगटावर थोपटलं.

ती संगणकापाशी गेली. शब्द भरला, चित्रफीत जोडली. शेवटचा रकाना विचारत होता: खूण नक्की, की अंदाजे?

काका तिथंच बसले होते, त्यांना वाचता येत होतं. तिनं पडदा किंचित आपल्याकडं वळवला आणि ‘अंदाजे’ निवडलं.