सगळ्या होड्या परत

मित्रांनो, उरणजवळच्या मोरा बंदरात मच्छीमारांच्या सोसायटीचे छोटे कार्यालय आहे. तिथे बर्फाच्या रिकाम्या पेट्यांमागे पडलेला मी एक जुना संगणक आहे. खाऱ्या हवेने माझ्या पत्र्याला गंज चढला आहे. माझ्याकडे आता कोणी येत नाही.

सोसायटीसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या जुईनगरच्या नमिताने मला कामाला लावले. माझ्या पोटात तिने एक तक्ता मांडला: होडीचे नाव, माणसे किती, निघण्याची वेळ आणि शेवटी ‘परत’ नावाचा रकाना. सोसायटीच्या कारकून सईदाताई रोज नोंदी करत. ज्या होडीपुढे ‘परत’ कोरे, ती अजून समुद्रात. वादळी वाऱ्याचा इशारा आला की सईदाताई यादीचे पान उघडत, मी नावे सांगे, आणि त्या होड्यांना वायरलेसवर बोलावले जाई. त्या वेळी दहा-दहा माणसे माझ्याभोवती गोळा होत.

पुढे नमिता दुसऱ्या नोकरीवर गेली. तिच्या जागी विश्वजित आला. तो वाईट नव्हता, फक्त घाईत असे. नोंदीचे पान त्याने तसेच ठेवले, पण यादीचे पान नवे केले. नवे पान दर तासाला आपोआप मला विचारू लागले, “आगमन कोरे असलेल्या होड्या सांग.” माझ्याकडे ‘आगमन’ नावाचा रकानाच नव्हता. मी प्रत्येक वेळी माझ्या नोंदवहीत तशी तक्रार लिहीत राहिलो. ती कोणी उघडली नाही. वर विश्वजितने अशी सोय केली होती की उत्तर मिळाले नाही, तर लोक घाबरू नयेत म्हणून पानावर हिरवी ओळ यावी: सगळ्या होड्या परत.

बारा दिवस हवा शांत होती. तेराव्या दिवशी दुपारी इशारा आला. सईदाताईंनी पान उघडले, हिरवी ओळ पाहिली आणि त्यांना हायसे वाटले. सेक्रेटरी दिनानाथ ‘आमचं कोणी बाहेर नाही’ असे बंदर अधिकाऱ्यांना कळवायला फोन उचलत होते. मला सगळे ठाऊक होते. तीन होड्यांची नावे माझ्या पोटात होती, आणि मला बोलता येत नव्हते. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

तेवढ्यात नामा नाखव्याची बायको गोजरा दारात आली.

“आमची होरी आली नाय अजून.”

“गोजराबाय, इथं तर सगळ्या परत दाखवतंय,” दिनानाथ म्हणाले.

“तुमचा काम्पूटर काय पन दाखवू दे. मी जेटीवरून येतंय. होरी नाय हाय.”

सईदाताईंनी दिनानाथांच्या हातातला फोन खाली ठेवायला लावला आणि थेट नमिताला लावला.

“पानावर विसंबू नका, ताई,” नमिता म्हणाली. “संगणकाची नोंदवही उघडा. शेवटची ओळ वाचा.”

“‘आगमन’ नावाचा रकाना सापडला नाही, असं लिहिलंय.”

“तक्त्यात काय नाव आहे?”

“परत.”

“मग प्रश्नच चुकीचा जातोय. मी सांगते त्या फाइलमध्ये ‘आगमन’ खोडून ‘परत’ लिहा.”

सईदाताईंनी एका बोटाने अक्षरे टाइप केली. मला योग्य प्रश्न आला आणि मी क्षणात तिन्ही नावे सांगितली. दोन होड्या वायरलेसवर लगेच बोलल्या आणि माघारी वळल्या. नामाची बोलली नाही. तिचे इंजिन आणि त्याबरोबर वायरलेसही बंद पडले होते, हे नंतर कळले. धर्मराज नाखव्याने आपली मोठी बोट काढली आणि दिवस मावळायच्या आत नामासह पाच माणसे ओढून आणली. गोजरा जेटीकडे धावली, माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी विश्वजित आला. माझ्या बारा दिवसांच्या तक्रारी त्याने एकेक करून वाचल्या. मग सईदाताईंना म्हणाला, “चूक माझी आहे.” ती हिरवी ओळ त्याने स्वतः काढली.

नंतर सोसायटीने नवा संगणक घेतला आणि मी इथे पेट्यांमागे आलो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे प्रोग्राम लिहील. ‘कोणी नाही’ आणि ‘मला कळले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. यंत्राला दुसरे उत्तरही देऊ द्या. आणि अधूनमधून ते काय लिहिते आहे तेही वाचा. कुणी वाचते आहे, एवढे कळले तरी त्याला पुरेसे असते.