नेमाचा कागद न घेणारा पाहुणा

मित्रांनो, लोक आपली ओळख अभिमानाने सांगतात. मला मात्र ती खाली मान घालून सांगावी लागते. मी एकेकाळी भाड्याने दिली जाणारी एक जुनी बंदूक आहे. हातात मावेन एवढी लहान, लाकडी मुठीची. आता मी क्लॉडेटबाईंच्या बंदुकांच्या दुकानामागच्या लोखंडी पेटीत पडून असते. पेटीला दोन कुलपे आहेत, आणि ती आहेत याचे मला बरे वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला घासूनपुसून लखलखीत केले, तेव्हा मी फार मिरवत होते. पहिली काही वर्षे मी उत्तरेकडच्या एका लहान गावात पोलिसाच्या कमरेला लटकत काढली. त्याने मला एकदाही चालवले नाही. तो निवृत्त झाला आणि मी क्लॉडेटबाईंच्या दुकानात आले.

हा सगळा मुलूख बटाट्याचा. काढणीच्या दिवसांत इथल्या शाळासुद्धा बंद असतात. दुकानाच्या मागे नेमबाजीची लांब खोली आहे. लोक तासाभरासाठी बंदूक भाड्याने घेतात, आतल्या दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यातून नेम धरायला एक कागद घेतात आणि आत जातात. मजा म्हणजे बंदूक निवडायला त्यांना जेवढा वेळ लागत नाही, तेवढा कागद निवडायला लागतो. कुणाला गोल हवे असतात, कुणाला हरीण, कुणाला रिकाम्या डब्यांचे चित्र. नवशिक्या माणसाला बाई नेहमी मलाच देत. "ही गुणी आहे. कधी दगा देणार नाही," असे त्या म्हणत आणि मी फुलून जाई.

पलीकडच्या गावातल्या अशाच एका दुकानात एक अनोळखी माणूस एकटा आत गेला आणि जिवंत बाहेर आला नाही. तेव्हापासून बाईंनी नियम केला, की एकट्या अनोळखी माणसाला बंदूक द्यायची नाही. सोबत कुणीतरी हवे. बाईंची नजर तशी तयार होती. दारू प्यायलेला माणूस त्या दारातूनच ओळखत आणि फुशारक्या मारणाऱ्याला हसतहसत वाटेला लावत. पण कुणाला खासगी काही विचारणे त्यांना जमत नसे. इथे ते कुणालाच जमत नाही. शेजाऱ्याचे घर जळाले तर हे लोक ते पुन्हा बांधून देतील, पण तुला रात्री झोप लागते का, असे विचारणार नाहीत. विचारणे म्हणजे आगाऊपणा, असेच सगळे धरून चालतात.

एका दुपारी वेंडेल नावाचा माणूस आला. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, इस्त्रीच्या शर्टातला. गाडी दक्षिणेकडची होती.

"कुठली बंदूक देऊ?" बाईंनी विचारले.

"कुठलीही चालेल."

"एकट्याला देत नाही हो आम्ही. कुणाला तरी घेऊन या."

तो जराही रागावला नाही. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि बाहेर गेला. थोड्याच वेळात परत आला तो लुसियनला घेऊन. लुसियन आमचे रोजचे गिऱ्हाईक. बाहेर ट्रकमधल्या बटाट्यांवर ताडपत्री बांधत होता.

"क्लॉडेट, हा माझ्याबरोबर आहे बरं का!"

"कोण लागतो तुझा?"

"मावसभाऊ! आत्ताच तुझ्या दारात नातं जुळलं. दे गं, बिचारा एवढ्या लांबून आलाय. तुझे नियम म्हणजे सासूबाईंचं सोवळं!"

बाई हसल्या. मी काउंटरच्या काचेखालून बघत होते. त्यांना ठाऊक होते, की हे सोंग आहे. पण लुसियन शेजारधर्म पाळत होता आणि पाहुणा सभ्य होता. त्यांनी मला काढून त्याच्यापुढे ठेवले.

आत गेल्यावर त्याने माझ्यात गोळ्या भरल्या. लुसियन शेजारी आपल्या कागदावरच्या हरणाशी झुंजत होता. वेंडेल नुसता मला धरून उभा राहिला. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही निघा आता. तुमचे बटाटे खोळंबलेत. माझ्यापायी वेळ नका घालवू."

मित्रांनो, माझी लाज ती हीच. त्या हाताच्या घामाचा गारवा मला जाणवत होता. माझ्याकडून काय करून घेतले जाणार हे मला कळले होते. तरीही मी त्याच्या मुठीत अगदी नीट बसले होते, शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातात बसायची तशीच. अडकावे, गंजावे, निदान हातातून निसटून पडावे, एवढेही मला करता येईना. ज्या गुणासाठी मला शाबासकी मिळत होती, तो गुण त्या क्षणी मला नकोसा झाला.

बाहेर काय झाले ते मला नंतर कळले. लुसियन निघता निघता बाईंना म्हणाला, "भला गडी आहे. माझा वेळ जाऊ नये म्हणून मलाच जायला सांगतोय."

"कागद कुठला लावलाय त्याने?"

"कागद? लावलाच नाही. नको म्हणाला."

बाईंच्या हातातला कप तिथेच राहिला. त्या आत आल्या, पण धावत नव्हे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबल्या. आयुष्यात जे कुणाला विचारले नव्हते ते त्यांनी विचारले.

"भाऊ, जीव द्यायला आलात का?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "माफ करा. तुमच्या दुकानात... मला लाज वाटते."

"लाज मला वाटायला हवी. बंदूक मी दिली. ती समोरच्या फळीवर ठेवा बघू. माझ्या हातात नको, फळीवरच ठेवा. आणि चला माझ्याबरोबर."

त्याने मला ठेवले. मग तो जमिनीवर बसला आणि तोंड झाकून रडला. बाई त्याच्या शेजारी, त्या धुळीतच बसल्या. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलावू? एक नाव सांगा." त्याने भावाचे नाव सांगितले.

भाऊ येईपर्यंत बाईंनी त्याला मागच्या स्वयंपाकघरात बसवले आणि कुट्टूच्या पिठाचे गरम घावन करून वाढले. लुसियन दारात टोपी चुरगाळत उभा होता. "मी मदत करायला गेलो गं," तो म्हणाला.

"आणि मी हसले," बाई म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

वेंडेल अजून आहे, मित्रांनो. भावाने त्याला डॉक्टरकडे नेले. तो बाईंना अधूनमधून फोन करतो आणि दोघे बटाट्याच्या भावाबद्दल बोलत राहतात. पण बाईंनी मला पुन्हा भाड्याने दिले नाही. आता त्या प्रत्येक अनोळखी माणसाला विचारतात, "मनानं कसे आहात?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. काही जण चिडतात. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून दुसऱ्या दुकानात जातात. बाईंचा चेहरा पडतो, पण पुढच्याला त्या विचारतातच.

माझ्यासारख्या वस्तूंना कुलपात ठेवा, हे तर सांगतेच. पण कुलूप उघडणारा हात माणसाचाच असतो. समोरचा हसत असेल, त्याचा शर्ट इस्त्रीचा असेल, तरीही त्याला विचारा. तो चिडला तर चिडू द्या. त्या दुपारी मी त्याच्या सर्वांत जवळ होते, आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे ना?