सील केलेला भाव

"बेन, माल आपल्या नावानं सील झालाय. तू कशाला जीव टाकतेस?" मावजीशेठ म्हणाले आणि त्यांनी नाश्त्याला मागवलेल्या गरम लोचोची प्लेट अश्विनीपुढे सरकवली.

अश्विनीने प्लेटकडे पाहिलंही नाही. "शेठ, काही सील झालेलं नाही. आपण टोकन भरलेलं नाही. जानेवारीत मिळणारं विमान अमेरिकन कंपनी कुणालाही विकू शकते."

"भाव कळवलाय ना मी? मग झालं."

हे तिसऱ्यांदा होत होतं. मावजीशेठांची सगळी हयात हिऱ्यांच्या बाजारात गेलेली. तिथे दलाल पुडी घेऊन येतो, घेणारा भाव सांगतो, पुडीला चिकटपट्टी लावून वर सही ठोकतो. मालकाचं हो-नाही येईपर्यंत ती पुडी दुसऱ्या कुणापुढे उघडायची नाही. कागद नाही, पावती नाही, पण हा शब्द मोडणाऱ्याला बाजारात तोंड दाखवायची सोय उरत नाही. विमान बनवणारी अमेरिकन कंपनीही असंच वागेल, याबद्दल शेठांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शेठांच्या विमान कंपनीत विमान एकच, नऊ आसनांचं. ते रोज सुरतहून जळगावला जाई आणि परत येई. फेब्रुवारीत ते मोठ्या दुरुस्तीला जाणार होतं. तोवर नवं आलं नाही, तर सेवाच बंद. मग कचेरीत काम कुणाला उरणार? घरी बसायची पहिली पाळी अश्विनीची, कारण ती सगळ्यांत नवी. उधन्यात यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या हिलालची ही मुलगी विमानांचं शास्त्र शिकून आली, आणि तिला सुरतेतच, घरून येण्याजाण्याच्या अंतरावर, विमानाची नोकरी मिळाली होती. अशी दुसरी नोकरी या गावात नव्हती.

खरं तर जूनमध्ये सगळं ठरलं होतं. मग अमेरिकेने कर लावला आणि शेठ उसळले. "माझ्या हिऱ्यावर पन्नास टक्के लावणाऱ्याचं विमान मी घेऊ? युरोपचं बघ!"

अश्विनीने युरोपचं बघितलं. त्याचं इंजिन कॅनडाचं, आतली निम्मी उपकरणं अमेरिकेची. शेवटी पैसा जायचा तिथे जाणारच होता, शिवाय विमान मिळणार थेट पुढच्या जूनमध्ये. हे तिने तक्ता करून दाखवलं. शेठांनी ब्राझीलचं विचारलं, तोही तक्ता झाला. गणपती गेले, नवरात्र आलं, तेव्हा कुठे शेठ पुन्हा अमेरिकेवर आले. पण राग बाकी होता, म्हणून त्यांनी आठ टक्के कमी भाव कळवला आणि गप्प बसले.

"निदान एक फोन तरी करू द्या," अश्विनी म्हणाली होती.

"भाव सांगितल्यावर आपण फोन करायचा नसतो. गरज दिसते."

"पण गरज आहेच ना, शेठ!"

"म्हणून तर दाखवायची नाही."

घरी आई, प्रमिलाबाई, रोज भाकरी थापताना विचारायची, "तुना शेठनी इमान लिधं का नई?" आणि विमान घेतल्याचा विषय निघताच अश्विनी हात धुवायला मोरीत निघून जायची.

आज मात्र तिने शेठांना विचारलंच नाही. लोचोची प्लेट बाजूला केली, अमेरिकन कंपनीच्या दिल्लीतल्या विक्री प्रतिनिधीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"सॉरी मॅडम," पलीकडून आवाज आला. "जनवरी वाला एअरक्राफ्ट तो मंगल को बुक हो गया. दूसरी पार्टी का टोकन आ गया था."

शेठ पुढे वाकले. "मेरी ऑफर का जवाब दिए बिना?"

"सर, आपका टोकन नहीं था."

फोन बंद झाल्यावर शेठ मागे टेकले. मग अगदी हळू म्हणाले, "दुसऱ्याला दाखवलं त्यांनी." त्यांना पैशाचं वाईट वाटलेलं नव्हतं. कुणीतरी भर बाजारात लबाडी करावी आणि कुणाला त्याचं काहीच वाटू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. अश्विनीला क्षणभर त्यांची कीव आली.

"तू मला सांगायला पाहिजे होतं, बेन."

कीव संपली. "तीनदा सांगितलं, शेठ."

"सांगितलंस. पण गळी उतरवलं नाहीस."

अश्विनीने युरोपचा तक्ता शेठांपुढे ठेवला. "युरोपवाल्यांचं जूनचं विमान अजून शिल्लक आहे. मी सकाळीच विचारलंय. टोकन आज भरायचं. आत्ता."

"दोन टक्के कमी सांगून बघू?"

ती काहीच बोलली नाही.

"एक?"

तरीही नाही. शेठांनी पेन काढलं, बँकेच्या पत्रावर सही केली आणि हिशेबनीसाला हाक मारली. पत्र त्याच्याबरोबर खोलीबाहेर पडेपर्यंत अश्विनी दारात उभी राहिली.

"फेब्रुवारी ते जून विमान नाही," शेठ मागून म्हणाले. "तोवर तू अर्ध्या पगारात भागवशील?"

ती वळली. "पूर्ण."

"पाऊण?"

ती नुसती बघत राहिली. इतके महिने आपण बोलत काय बसलो होतो, असं तिला वाटलं.

"बरं, पूर्ण," शेठ कुरकुरले. "आणि फेब्रुवारीपासून उड्डाण बंद, हे वैमानिकाला तूच सांग. मला नाही जमणार."

विमानतळावरच्या त्या कचेरीबाहेर जळगावहून आलेलं विमान नुकतंच उतरलं होतं. वैमानिक बळीराम हसत हसत शिडी उतरत होता. अश्विनी त्याच्याकडे चालू लागली.