पाठीचं माप

टिटवीचा शर्ट उजव्या बाजूने वर चढतो, हे तिच्या आईच्या वर्षभरापूर्वीच लक्षात आलं होतं. आई कपडे शिवायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं दुकान होतं. दोन मशिनं, कापायचं लांबलचक टेबल आणि पडद्याआड कपडे घालून बघायला हातभर जागा. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिने त्याची छाती-कंबर नजरेनेच मोजलेली असायची. त्यामुळे शर्ट वर चढलेला दिसला तेव्हा तिला वाटलं, कापताना आपलंच चुकलं. पुढच्या शर्टाला तिने उजवीकडे अर्धा इंच कापड जास्त ठेवलं. शर्ट सरळ दिसू लागला आणि विषय मिटला.

मुलगी तेरा वर्षांची. एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून बाबांनी लहानपणीच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. वर्षभरात ती अशी भराभर वाढली की बाबांना गंमत वाटायची. ते लांब पल्ल्याची बस चालवायचे. चार दिवसांनी घरी आले की दारातच म्हणायचे, "माफ करा हं, घर चुकलं वाटतं. इथे एक बुटकी मुलगी राहायची."

त्या वर्षीची शाळेतली आरोग्य तपासणी वाचनालयात होती. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून मध्ये वजनकाटा ठेवला होता, खिडकीपाशी अक्षरांचा तक्ता टांगला होता. शाळेची नर्स साठीला टेकलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिच्यापुढे मोठमोठ्या मुलीही शहाण्यासारख्या वागायच्या. डोळे झाले, दात झाले. कानाला हेडफोन लावून "आवाज आला की हात वर कर" झालं. टिटवी सगळ्यात पास. मग नर्सने तिला आडोशामागे बोलावलं.

"बूट काढ. पाय जुळव. आता गुडघे न वाकवता पुढे वाक. हात खाली सोड."

टिटवी वाकली. नर्सने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"उभी राहा. परत वाक बरं."

नर्सने टेबलावरून एक चपटं उपकरण उचललं. गवंड्याची पाणसळ असते ना, तसं, पण तळहाताएवढं. ते पाठीवर आडवं धरल्यावर आतली गोळी मधोमध थांबायला हवी होती. ती घरंगळत बाजूला गेली आणि सातच्या आकड्यावर थांबली.

"पाठ दुखते का तुझी?"

"नाही."

"खेळतेस काही?"

"व्हॉलीबॉल. शाळेच्या संघात आहे मी."

"छान. हे बघ, घाबरण्यासारखं काही नाही. पण तुझ्या मणक्याला थोडा बाक असावा असं मला वाटतंय. डॉक्टरांनी फोटो काढून बघायला हवं. ही चिठ्ठी आईच्या हातात दे. आजच."

टिटवीने त्यातून स्वतःपुरता अर्थ काढला. मणक्याला काहीतरी झालंय म्हणजे खेळ बंद. घरी येऊन तिने चिठ्ठी आपल्या नकाशांच्या पुस्तकात घातली आणि पुस्तक कपाटात पार खाली सारलं.

दहा दिवसांनी दुकानातला फोन वाजला. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून तिने फोन उचलला.

"ताई, मी शाळेतली नर्स बोलतेय. डॉक्टरांची वेळ मिळाली का?"

"कसली वेळ?"

नर्सने पहिल्यापासून सगळं सांगितलं, न रागावता आणि न घाबरवता. आईने ऐकून घेतलं, दोनदा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप तिने तीनदा घेतलं, तरी ते लिहायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी टिटवी घरी आली तर आई नेहमीच्या जागी, घरातल्या मशीनपाशी, नव्हती. ती खोलीत पलंगावर बसली होती. नकाशांचं पुस्तक मांडीवर.

"शर्ट काढ आणि पाठ कर इकडे."

"आई, मी सांगणारच होते..."

"नंतर बोलू. आधी पाठ कर."

आईने मानेच्या हाडावर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. सरळ यायचं बोट मध्येच उजवीकडे वळलं, आणि कंबरेजवळ परत मधे आलं. उजव्या खांद्याचं पातं डाव्यापेक्षा वर होतं. आता दिसत होतं म्हणजे लख्ख दिसत होतं.

"का लपवलंस?"

"संघातून काढतील म्हणून."

"आणि पाठीचं काय?"

"दुखत नाही ना पण!" टिटवी ओरडली आणि रडायलाच लागली. आईला रागवायचं होतं. फोन आल्यापासून तिने वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण तिने मुलीला नुसतं जवळ ओढलं.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. स्वयंपाकघरात दार लोटून आई म्हणाली, "मला दिसत होतं हो. वर्षभर दिसत होतं. वर तिलाच ओरडायची, दप्तर एका खांद्याला लटकवतेस म्हणून. आणि शर्टाला कापड वाढवत बसले. माझ्या कात्रीनेच झाकलं मी."

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला. "तुला शर्ट वाकडा दिसला, तू शर्ट सरळ केलास," ते म्हणाले. "पाठ बघायला तुला शिकवलं होतं कुणी? मी तर रोज आरशात मागची अख्खी बस बघतो, मला काय दिसलं?"

पुढच्या आठवड्यात तिघं दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होत्या, बोलताना समोरच्या कागदावर चित्रं काढायच्या. एक्स-रे उजेडात लावून त्यांनी दोन रेघा मारल्या. "अठ्ठावीस अंश."

"दप्तरामुळे झालं का?" आईने विचारलं. हा प्रश्न तिला आठ दिवस झोपू देत नव्हता.

"नाही. दप्तर, बसायची सवय, खाणंपिणं, कशाचाही दोष नाही. तुमचा तर नाहीच. बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही. पण हिची उंची अजून वाढतेय, आणि या वयात बाकही वाढू शकतो. तो तिथेच रोखायचा. त्यासाठी ब्रेस घालावा लागेल, म्हणजे छातीपासून कंबरेपर्यंत आवळून बसणारं प्लॅस्टिकचं कवच. रोज अठरा तास."

"आणि खेळताना?" टिटवीने विचारलं. दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासूनचं तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

"खेळताना काढायचा. खेळ सोडायचा नाही. पाठीचे स्नायू मजबूत हवेत."

मग टिटवीचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. सर्व्हिस करताना चालेल का, उडी मारली तर, पोटावर पडलं तर, स्पर्धेच्या दिवशी अठराचे सतरा झाले तर? डॉक्टर शेवटी हसत म्हणाल्या, "तू नेहमी इतकं बोलतेस?"

"आज कमीच आहे," बाबा म्हणाले.

ब्रेस बनवणारे काका दवाखान्याच्या तळमजल्यावर बसायचे. खोलीत करवतीचा भुगा, प्लॅस्टिकच्या जाड पांढऱ्या पत्र्यांचे तुकडे. तयार झालेला ब्रेस त्यांनी टिटवीच्या अंगावर चढवला, पट्टे ओढले. आईने न विचारताच बगलेत बोट घालून पाहिलं.

"मुंढ्यात घासतोय इथे. हात वर केला की कापेल."

काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"कपडे शिवते."

"मग आखा." त्यांनी पेन्सिल पुढे केली. आईने प्लॅस्टिकवर एक वळणदार रेघ ओढली. काकांनी ती पाहिली, मान डोलावली आणि यंत्राशी जाऊन तेवढा भाग घासून आणला. मग फासळ्यांजवळच्या जाड गादीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मात्र सैल करायला सांगू नका. इथे दाबायलाच हवं." आईने त्यावरून दोनदा हात फिरवला आणि पेन्सिल परत दिली.

पहिला महिना वाईट गेला. उकडायचं, खाली पडलेली वस्तू उचलता यायची नाही, वर्गात खुर्चीवर बसलं की टक्क आवाज यायचा. एके दिवशी शाळेतून आल्या आल्या टिटवीने ब्रेस काढून कोचावर फेकला.

"तू घाल ना एक दिवस! घालून बघ, मग सांग मला!"

आईने मशीन थांबवलं. उठली, ब्रेस उचलला आणि खरोखरच घालायला लागली. एक बाजू कशीबशी आत गेली. दुसरी काही केल्या बसेना. मग काढायला गेली तर तेही जमेना. एक हात वर, एक पाठीमागे, अशी आई खोलीत गोल गोल फिरत म्हणाली, "अगं, ओढ ना! बघत काय उभी राहिलीस!" टिटवी हसून हसून जमिनीवर बसली. तेवढ्यात बाबा बॅग घेऊन दारात आले, आणि या वेळी घर चुकल्याचा विनोदही त्यांना सुचला नाही.

हसणं थांबल्यावर आई जमिनीवर मुलीशेजारी बसली. "मला नाही घालता येत गं," ती म्हणाली. "येत असता तर वाटून घातला असता. नऊ तास तू, नऊ तास मी."

त्या दिवशीही टिटवीने नाखुशीनेच ब्रेस चढवला. पण चढवला. पुढे तिने स्वतःच मैत्रिणींना सांगून टाकलं. त्या आठवडाभर तिच्या पोटावर टकटक करून "घरी आहे का कुणी?" विचारत राहिल्या. मग त्यांनाही कंटाळा आला.

सहा महिन्यांनी नवा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी पुन्हा रेघा मारल्या. "सत्तावीस."

"कमी झाला!" आई म्हणाली.

"एक अंश तर मोजतानाही इकडेतिकडे होतो, त्यामुळे कमी झाला असं मी म्हणणार नाही. पण ही तीन सेंटीमीटर वाढलीय आणि बाक मात्र वाढलेला नाही. मला हेच हवं होतं. अजून दीड-दोन वर्षं असंच चालू ठेवायचं."

बाहेर येऊन आईने नर्सला फोन केला. आभार मानायला गेली तर नर्स मध्येच म्हणाली, "अहो, हिचं लवकर कळलं, बरं झालं. त्या दिवशी तीन मुलींना चिठ्ठ्या दिल्या होत्या मी. एकीच्या घरून अजून काही कळलेलं नाही. आज परत फोन लावते." आणि तिने खरंच घाईघाईने फोन ठेवला.

त्याच दुपारी सामना होता. एरवी दुकान सोडून आई कुठे जात नसे. आज ती मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसली. टिटवीने ब्रेस काढून तिच्या मांडीवर आणून ठेवला आणि धावत आत गेली. आईला खेळातलं काहीच कळत नव्हतं. चेंडू जाळ्यावरून जायचा, यायचा, सगळे एकदम ओरडायचे. मग टिटवी जाळ्याशी उंच उडाली आणि तिने चेंडू असा काही खाली हाणला की पलीकडच्या दोघी नुसत्या बघत राहिल्या.

आईने शेजारच्या माणसाचा दंड धरला. "हे चांगलं झालं की वाईट?"

"गुण मिळाला, ताई! आपल्याला!"

"असं होय," म्हणत आई उठून उभी राहिली आणि मांडीवरचा ब्रेस एका हाताने सावरत, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यानंतरही, दुसऱ्या हाताने त्याच्यावर थाप मारत राहिली.