एकोणीस आडव्या रेघा

हवामान खात्याच्या मॅडम येणार म्हणून लेकीने पुढची खोली दोनदा पुसून घेतली. वायरमन मात्र वह्यांपाशी बसून होता. नोकरी सुटून बारा वर्षं झाली तरी गाव त्याला वायरमनच म्हणे, आणि त्याच्या बायकोला पाऊसबाई. पाऊसबाईला जाऊन चार महिने झाले होते. वर्षाला एक अशा तिच्या तीस वह्या त्याने टेबलावर ओळीने मांडल्या होत्या.

जवळ झाड नाही, भिंत नाही, म्हणून खात्याने त्यांच्याच परसात पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला ती ते भांडं उघडायची, साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायची, वाकून डोळा पाण्याच्या रेघेला लावायची आणि आकडा लिहायची. एक आपल्या वहीत, एक खात्याच्या कार्डावर. महिना संपला की कार्ड टपालाने जायचं. पाऊस नसला तरी ती जायची, आणि शून्य लिहायची. वायरमन हसायचा, कोरडं भांडं बघायला कशाला जायचं म्हणायचा. ती म्हणायची, "शून्य लिहायलासुद्धा तिथवर जावं लागतं. तुमच्या तारा नाहीत या, जोड दिला की चालू."

गाव डोंगराच्या पाठीशी होतं. मोठ्या पावसाळ्यात समुद्रावरून आलेले ढग डोंगरापलीकडेच रिकामे व्हायचे आणि इकडे नुसता वारा यायचा. मग वारे फिरायचे, पावसाळा माघारी निघायचा, आणि तो परतीचा पाऊस दीड महिन्यात इथलं वर्षाचं पाणी टाकून जायचा. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. कागदाला ठाऊक नव्हतं. देशाच्या पावसाच्या नकाशात हे गाव डोंगरापलीकडच्याच रंगात बुडवलेलं होतं. पेरणी उरका असा सल्ला यायचा तेव्हा इथे धुरळा उडत असायचा. लोक म्हणायचे, सल्ला देणाऱ्याला आधी इथे अंघोळीला बोलवा.

मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील. चहा घेता घेताच त्यांनी कामाला हात घातला. दर दहा वर्षांनी खातं मागच्या तीस वर्षांची सरासरी काढतं आणि नवा नकाशा करतं. कुठे पाऊस कधी आणि किती धरायचा ते त्यावरून ठरतं. तीस वर्षं सलग हवीत. पाऊसबाईंची बरोबर तीस भरत होती, पण एक महिना अडत होता. त्यांनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

सात वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. त्यात एकोणीस दिवसांसमोर आडवी रेघ.

मॅडम म्हणाल्या, रेघ म्हणजे त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही. पाचाहून जास्त दिवस असे निघाले की महिना बाद, महिन्यापायी वर्ष बाद, आणि वर्षापायी हे केंद्रच सरासरीतून बाद.

वायरमनने अक्षर ओळखलं. त्याचंच होतं. त्या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं होतं आणि बावीस दिवस मोजणी त्याने केली होती. पाऊस पडला तेव्हा आकडा लिहिला. नाही पडला तेव्हा लिहायचं काय, म्हणून रेघ ओढली. ती घरी यायच्या आत कार्ड टपालात टाकून मोकळा झाला. तिच्या वहीत त्या पानावर एकच ओळ होती : 'या दिवसांची मोजणी यांनी केली.' घरी आल्या आल्या तिने विचारलं होतं, रोज बघितलंत ना? त्याने हो म्हटलं होतं.

मॅडमनी वाट सांगितली. ज्याने मोजलं त्याने लेखी निवेदन दिलं, की मी रोज पाहत होतो, रेघ म्हणजे शून्य, तर ते धरता येतं. पण मोजणारा भरवशाचा हवा. त्यात खोट दिसली तर सगळंच सोडून द्यावं लागतं.

"रोजच बघायचे बाबा," लेक पटकन म्हणाली. "लिहा ना बाबा. एवढंच तर लिहायचंय."

वायरमनने पेन घेतलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. दोन दिवस त्याने पाहिलं नव्हतं. तिला ताप चढला म्हणून दवाखान्यातून हललाच नव्हता. हे आत्ता सांगावं तर बाकीच्या सतरा दिवसांवर कोण विश्वास ठेवणार? न सांगावं तर तिच्या तीस वर्षांत पदरचे दोन आकडे घातल्यासारखं होणार. तिने पदरचा एक थेंब कधी घातला नव्हता. एकदा एसटी बंद पडून घरी यायला दुपार झाली, तर तिने वहीत सरळ लिहिलं होतं, 'पाहिले नाही.' त्यावर खात्याचं खरमरीत पत्र आलं, तेही तिने वहीत चिकटवून ठेवलं.

त्याने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, सतरा दिवस पाहिलं. चौदा आणि पंधरा तारखेला मी इथे नव्हतो. सोळाला भांड्यात अकरा मिलिमीटर निघालं. ते कुठल्या दिवसाचं, मला माहीत नाही. मी सोळासमोर लिहून टाकलं. तिलासुद्धा हे सांगितलं नव्हतं."

लेक खिडकीबाहेर बघू लागली. मॅडमनी आपली वही उघडून दोन पानं ताडून पाहिली.

"काका, मी त्या अकरासाठीच आले होते," त्या म्हणाल्या. "शेजारच्या दोन्ही केंद्रांवर तो पाऊस पंधराला नोंदलाय. सोळाला तिथे थेंब नाही. तुम्ही रोज पाहिलं म्हणाला असता तर मला तुमचा सगळा महिना खोडावा लागला असता. आता चौदा, पंधरा, सोळा असे तीनच दिवस गेले. पाचाच्या आत आहे."

मग त्यांनी नव्या नकाशाचा कच्चा कागद पसरला. जुन्या नकाशात मोठ्या पावसाळ्याची रेघ गावाला पोटात घेऊन सरळ गेली होती. नव्यात ती डोंगरापाशी येऊन वळली होती. रेघेअलीकडच्या मुलखाला वेगळा रंग होता आणि पावसाचे महिने परतीचे लिहिले होते. मॅडम म्हणाल्या, शेजारची केंद्रं अलीकडची, या सबंध पट्ट्यात तीस वर्षांचं मोजमाप दुसऱ्या कुणाचंच नाही. हे वळण काकूंचं एकटीचं आहे. आता पेरणीचे सल्लेही यावरूनच निघतील.

वायरमन त्या वळणावरून बोट फिरवत राहिला. उभं आयुष्य त्याने गावाला उजेड दिला, आणि ते कमी नव्हतं. पण देशाचा नकाशा त्याच्याने तसूभरही हलला नव्हता. लेकीला त्याने जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बघ. तुझ्या आईने हे वाकवलं."

मग निवेदन पूर्ण केलं. सतरा शून्यं, दोन दिवस पाहिले नाही, सोळाचा आकडा कुठल्या दिवसाचा ते माहीत नाही. खाली निरीक्षकाच्या, म्हणजे मोजणाऱ्याच्या, नावाची जागा होती. तिथे सही त्याचीच लागणार, मॅडमनी सांगितलं. त्याने आधी ठळक अक्षरात बायकोचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरात आपलं लिहिलं, आणि पुढे लिहिलं : बदली माणूस.