वेताळाच्या वकिलाचा कोट

मित्रांनो, ज्याला बघून मुलं आईच्या पदराआड लपत, तो मी एक जुना काळा कोट. लपण्यासारखं मी काही केलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सत्तेचाळीस साली अलिबागच्या एका शिंप्यानं मला अल्पाकाच्या लोकरी कापडातून शिवलं. पाच वर्षं मी खऱ्या वकिलाच्या अंगावर कोर्टात मिरवलो. मग ते वारले आणि त्यांच्या घरच्यांनी मला चौलजवळच्या एका गावच्या नाटकमंडळीला देऊन टाकलं.

चैत्रातल्या जत्रेत नाटक असे. गावकरी वेताळाला नवस बोलतात, काम झाल्यावर विसरतात, म्हणून वेताळ पाटलाच्या मुलीची वाचा काढून घेतो आणि गाव त्याच्यावर खटला भरतो, अशी त्याची गोष्ट. वेताळाचा वकील व्हायचा भागोजी, सुपारीच्या वाडीत राबणारा गडी. मला चढवून तो विचारी, "नवस तुम्ही केलात, विसरलात तुम्ही. मग गुन्हेगार वेताळ कसा?" लोक शेंगांची टरफलं फेकून मारीत.

एका वर्षी जत्रेनंतर गावात ताप आला. घरोघरी पोरं अंथरुणाला खिळली. लोकांनी ठरवलं, भागोजीनं वेताळाची बाजू घेऊन त्याला जोर आणला म्हणूनच हे झालं. त्याची बायको काशी बावीवर, म्हणजे गावच्या विहिरीवर, गेली, तर बायकांनी तिची कळशी बाजूला सारली. गावाचं फर्मान निघालं : कोट उताऱ्याबरोबर शिवेवर टाका, नाहीतर भागोजीच्या घराला बावीचं पाणी बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळात जमलं होतं, तिथं भागोजी मला अंगात घालूनच गेला.

"काढ तो कोट," गावचे वडीलधारे रावजी म्हणाले.

"काढतो, रावजीकाका. पर आधी सांगा, शिमगा झाल्यावर दर घरटी एक माणूस बावीचा गाळ काढायला जातो. यंदा कोन गेला?"

"वकिलीची सनद दाखव तुझी, मग इचार!" मागून कोणीतरी खिदळलं.

"कोनी गेला न्हाय. सगळी नाटकाच्या तालमीत होती. मीबी होतो. माझंबी नाव लिवा आरोपीत."

काशी दारातून म्हणाली, "पानी नासवलं मानसांनी आन् फाशी कोटाला? ह्यो कंचा न्याव?"

"कोटामुळंच वेताळ चवताळला!" रावजींनी काठी आपटली. "उद्या सांजपत्तुर तो शिवेवर दिसला पायजे."

दुसरा दिवस उजाडला तसे भागोजी आणि काशी टोपल्या घेऊन बावीत उतरले. वैशाखात पाणी तळाला गेलं होतं. मला रहाटाच्या खांबाला टांगलं होतं, सगळ्या गावाला दिसेल असं. काळा, घाण वासाचा गाळ वर येऊ लागला. त्यात कुजलेली पानं होती, मेलेली घूस होती. आधी शेजारची रंगू आली, तिनं वाकून पाहिलं आणि पदर खोचला. दुपारपर्यंत वीसेक माणसं झाली. रावजी सगळ्यात शेवटी आले. माझ्याकडे न बघता त्यांनी टोपली उचलली.

शिवेवर मला कोणी नेलं नाही. ताप पुढे आठ-दहा दिवसांनी ओसरला. गाळामुळं की आपोआप, ते मी छातीठोक सांगणार नाही. खोटी साक्ष माझ्याच्यानं होत नाही. माफीही कोणी मागितली नाही. फक्त बावीवर रंगूनं काशीची कळशी पुढे ओढली आणि म्हणाली, "भर गो, तुजी पयली."

पुढे मंडळीतली माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, नाटक थांबलं, आणि मी पेटीत पडलो. आता मला कसर लागते आहे.

मुलांनो, जुन्या वस्तू जपा. मलाही वर्षातून एकदा ऊन दाखवा. पण मी चांगला होतो असं म्हणत माझी कीव करू नका. गावात काही बिघडलं आणि सगळी बोटं एकाच माणसाकडे वळली, की मला पेटीतून काढा आणि त्याच्या बाजूनं उभं राहणाऱ्याच्या अंगात घाला. टरफलं झेलायची मला सवय आहे.