टिटवीचे टायर

“आधी ते टेबलावरून उचला. इथे माणसं जेवतात,” वहिनी म्हणाल्या.

दादाला ते ऐकूच गेलं नाही. ताटं बाजूला सारून त्याने दोन टायर शेजारी शेजारी मांडले होते. एक फुगीर, मऊ, बाळसं धरलेल्या पोरासारखा. दुसरा अरुंद, कडक, गोल फिरणाऱ्या सरळ खाचांचा. दादाचा हात सारखा त्या फुगीर टायरवरून फिरत होता.

“अगं, हात तर लाव. लोणी आहे नुसतं.”

“लोणी असेल तर फ्रीजमध्ये ठेवा.”

माझा हा भाऊ जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत खाली मान घालून बसला आणि सुट्टीच्या दिवशी विमानात बसून मान वर करायचा. विमान म्हणजे तरी काय, कापडी पंखांचं, एकामागे एक अशा दोन सीटांचं. दोन चाकं पुढे, एक चिमुकलं शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर असताना त्याचं नाक कायम आभाळाकडे. “मोठ्या घरची लेक, खाली बघून चालायची सवयच नाही,” असं वहिनी म्हणत. दादाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. यजमान गेल्यावर मी या दोघांकडेच राहायला आले होते. मला उडायची भीती वाटायची. मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन बसायचं आणि ती दोघं खाली उतरली की चहा ओतायचा, एवढंच माझं विमानशास्त्र.

पण टायरचं प्रकरण मलाही समजलं होतं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आमच्या मैदानावर गवताची धावपट्टी होती. त्या वर्षी तिच्यावर डांबर घातलं. दादा पहिल्यांदाच डांबरावर उतरला, वहिनी नेहमीसारख्या मागच्या सीटवर. टिटवी टेकली, दोन उड्या मारल्या आणि एकदम जागच्या जागी गर्रकन फिरली. शेपूट पुढे, नाक मागे. पंखाचं टोक डांबरावर घासलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण माझ्या हातातला चहा कधी सांडला ते मला कळलं नाही.

आमच्या मेकॅनिकला सगळे नटबोल्ट म्हणत. बोलायला लागला की दुसऱ्याला घट्ट आवळून ठेवायचा. त्याने खाली वाकून चाकं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“दादा, हा टायर नवा आणि हा टकला? जोडी कुठली ही?”

“डावा झिजला होता, डावा बदलला. वारा नेहमी डावीकडून येतो. त्या अंगावरच आधी टेकावं लागतं.”

“एक चप्पल तुटली तर एका पायात नवी आणि दुसऱ्यात जुनी घालून फिरता का?”

“फिरतात हो,” वहिनी हेल्मेट काढत म्हणाल्या. “मी बघितलंय.”

मग नटबोल्टने मला समजावलं, कारण मी एकटीच त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची. गवतावर विमान थोडं तिरकं टेकलं तरी चाक घसरतं आणि सांभाळून घेतं. दोन टायर दोन तऱ्हेचे असले तरी गवत कधी बोलून दाखवत नाही. डांबर मात्र रबराला धरून ठेवतं. चाक अडतं आणि मागचं वजन पुढे धावतं. म्हणून डांबरावर अरुंद, कडक टायर बरे. ते कमी चिकटतात.

वहिनींनी त्याच दिवशी सांगून टाकलं, “नीट टायर निवडा. पुन्हा ती अशी फिरली तर टिटवी विकायची. मला या वयात उलटं बसून घरी यायचं नाही.”

दादा हसला. पण टिटवी विकायची म्हणजे त्याचा रविवारच विकायचा, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

आणि तरीही त्याचा जीव त्या फुगीर टायरवरच. नटबोल्टशी रोज वाद. “मऊ टायर धक्का पोटात घेतो,” हे त्याचं एकच पालुपद.

“तुम्हाला धक्का कशाला बसतोय?” नटबोल्ट विचारायचा. “तुम्ही तर पीस ठेवावं तसं विमान ठेवता.”

दादा टायरवरून हात फिरवत राहायचा. मला मात्र त्या दोन उड्या आठवायच्या. पूर्वी तो अशा उड्या मारत नसे.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, “चष्म्याचा नंबर बदलायचाय, चल माझ्याबरोबर.” वहिनी शिक्षिका, तेव्हा शाळेत परीक्षेच्या कामात होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला बराच वेळ अंधाऱ्या खोलीत बसवलं. बाहेर येऊन ते म्हणाले, “नंबरचं काही नाही. आतला पडदा झिजलाय. अंतराचा अंदाज येत नसेल तुम्हाला. गाडी चालवता का?”

“गाडी नाही चालवत,” दादा म्हणाला. खोटं बोलला नाही.

“विमान चालवतो,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नाही म्हणायचीही त्यांना गरज पडली नाही.

बसमध्ये दादा खिडकीशी बसला. आमचा थांबा आला तरी उठला नाही. “मैदानावर जाऊ,” म्हणाला. मला वाटलं, निरोप घ्यायला चाललाय.

नटबोल्ट चाकं उतरवून दादाचीच वाट बघत होता. “बोला. लोणी लावायचं ना?”

“अरुंद लाव. दोन्ही नवे. हवा जरा चढी ठेव.”

“कालपर्यंत तर मऊ हवे होते!”

“मला हवे होते. जमीन कुठे आहे ते मला कळत नाही हल्ली. म्हटलं, टायर सांभाळून घेईल.” मग हाताने स्वतःच्या खांद्याखाली उंची दाखवत म्हणाला, “पण ती केवढीशी आहे, बघितलंस ना? जाड टायर लावले की टिटवीचं नाक आणखी वर जाणार. तिला काय नुसतं आभाळ दाखवायचं?”

“कोणाला?” मी विचारलं.

“तुझ्या वहिनीला. दुसरं कोण आहे मला?”

नटबोल्ट चाकांकडे वळला. पाना उचलून कामाला लागला.

वहिनींना विमान चालवता येत होतं. लग्नाआधी दोघांची ओळखच मुळी फ्लाइंग क्लबातली. क्लबचं विमान त्या दरवर्षी चालवत, परवाना चालू ठेवत. टिटवीची पुढची सीट मात्र दादाने कधी कुणाला दिली नव्हती, त्यांनाही नाही. हा विषय निघाला की तो म्हणे, “मागून सूचना द्यायला तुझ्याइतकं चांगलं कुणी नाही.” आणि वहिनी त्या देतही असत.

संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला, “रविवारी तू पुढे बस.”

“बरं.”

“का ते विचारणार नाहीस?”

“महिनाभर तुम्ही कपाच्या शेजारी चहा ओतताय. टेबलक्लॉथ कोण धुतं या घरात?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही टायर निवडत होता,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, तुमचे तुम्ही पोचाल तिथवर.”

रविवारी वहिनी एकट्याच वर गेल्या. आधी एकटीने उतरून बघते, असं त्यांनीच ठरवलं होतं. दादा धावपट्टीच्या कडेला माझा हात धरून उभा होता. आधारासाठी म्हणून नाही, पण धरला होता खरा.

“आली का?”

“वळतेय.”

“नाक खाली आहे का जरा?”

“मला काय कळतंय त्यातलं? छान दिसतेय.”

“छान दिसतेय म्हणे.” तो चिडला. मग त्याने डोळे मिटूनच घेतले.

गवतावर टेकताना टिटवीचा कधी आवाज आलेला मला आठवत नाही. डांबरावर मात्र आला. चिर्र, एकच, लहानसा. त्यानंतर ती सरळ धावत गेली, आखून दिलेल्या रेघेवरून जावी तशी.

“दोन्ही चाकं एकदम टेकली,” दादा म्हणाला. “ऐकलंस?”

टिटवी वळून हळूहळू आमच्यापर्यंत आली. नाकावरचा पंखा थांबला. वहिनी खाली उतरल्या नाहीत. दादाने माझा हात सोडला, पंखावर हात टेकवत टेकवत तो पुढे गेला आणि वाकून टायरला तळवा लावला. गरम असावा, कारण त्याने हात पटकन मागे घेतला आणि पुन्हा लावला. मग दार उघडून पाय उचलत, कण्हत, तो मागच्या सीटवर चढून बसला.

सीटचा पट्टा वहिनींच्या मापाचा होता. तो सैल करायला दादाला बराच वेळ लागला. पुढे वहिनी समोर बघत थांबून राहिल्या. एकदाही मागे वळल्या नाहीत.